लुई ब्रेल यांची दृष्टी कशी गेली? कामाच्या जागी डोळ्याला होणाऱ्या इजेबद्दल थोडेसे

लुई ब्रेल यांच्या जन्माला दोनशे वर्षे झाली म्हणून २००९ साली भारत सरकारने दोन रुपयांचे एक नाणे काढले होते. सुट्ट्या पैशांत ते तुमच्याही हातून कधीतरी गेले असेल. ब्रेल हे नाव बहुतेकांनी शाळेत ऐकलेले असते. अंधांची लिपी शोधणारा माणूस, एवढी ओळख पुरेशी वाटते. पण हा माणूस जन्मतः अंध नव्हता. त्यांचे दोन्ही डोळे जन्माला आले तेव्हा निरोगी होते. त्यांना मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू नव्हता, देवी किंवा गोवरही आली नव्हती. घरालाच लागून असलेल्या वडिलांच्या कारखान्यात एक टोकदार हत्यार डोळ्यात गेले आणि पुढच्या दोनेक वर्षांत दोन्ही डोळे गेले.

दोन्ही डोळे का गेले, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. हत्यार तर एकाच डोळ्यात गेले होते. नेत्रतज्ज्ञ म्हणून मला या चरित्रातला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तुमच्या घरात कुणी सुतारकाम, वेल्डिंग, गवंडीकाम, चामड्याचे किंवा शेतीचे काम करत असेल तर तुम्हीही तो नीट वाचावा.

कूव्रे गावातला कारखाना

लुई ब्रेल यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधल्या कूव्रे या गावी झाला. पॅरिसच्या पूर्वेला साधारण ४० किलोमीटरवर हे गाव आहे. वडील सिमों-रने घोड्यांची खोगिरे, लगाम, पट्टे असा साज तयार करत. आपल्याकडे जिनगरांचे जे पारंपरिक काम, तेच हे. आई मोनिक. चार भावंडांत लुई सर्वांत धाकटे. घर शेतकरी-कारागिराचे, फार श्रीमंत नाही आणि फार गरीबही नाही. कामाला मागणी होती, कारण त्या काळी शेत, गाडी आणि प्रवास सगळे घोड्यावर चालायचे.

चामड्याच्या कामाची हत्यारे तुम्ही चपला शिवणाऱ्याकडे पाहिली असतील. कातडे कापायची रापी, भोक पाडायची आरी, हातोडी, निरनिराळ्या सुऱ्या. यातली आरी दिसायला अगदी किरकोळ असते. लाकडी मूठ आणि पुढे सुईसारखी टोकदार लोखंडी दांडी. जाड, चिवट कातड्यातून ती आरपार जायची असते, त्यामुळे तिला जोर लावावा लागतो आणि टोक सतत धारदार ठेवावे लागते.

१८१२ साली लुई तीन वर्षांचे होते. या वयातले मूल काय करते ते तुम्हाला वेगळे सांगायला नको. बाबा जे करतात ते त्याला करायचे असते. वडिलांच्या बाकावर चामड्याचा तुकडा आणि आरी मिळाली, आणि मुलाने भोक पाडायचा प्रयत्न केला. बहुतेक चरित्रांत आरीचाच उल्लेख आहे, काहींत वाकड्या पात्याच्या सुरीचा. हत्यार कोणतेही असो, घडले ते एकच. मूल छोटे असल्यामुळे तोंड कामाच्या अगदी जवळ नेते. हातात ताकद नसते म्हणून सगळा जोर लावते. चामडे गुळगुळीत असते. हत्यार सटकले आणि वर डोळ्यात गेले.

डोळ्याच्या काळ्या भागावर जो पारदर्शक पडदा असतो त्याला कॉर्निया म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. घोड्याच्या साजासाठी वापरले जाणारे कातडे याहून कितीतरी जाड. ते भेदण्यासाठी बनवलेल्या हत्याराला कॉर्निया म्हणजे काहीच नाही.

जखमेवर गावात जे उपचार शक्य होते ते झाले. तेव्हा प्रतिजैविके नव्हती आणि जंतू नावाची गोष्ट रोग निर्माण करते हे कुणाला ठाऊक नव्हते. भूल देऊन डोळ्याचे टाके घालणे तर फारच दूरची गोष्ट. जखम चिघळली, तो डोळा गेला. काही काळाने दुसरा डोळाही लाल होऊ लागला, धूसर दिसू लागले, आणि पाचव्या वर्षापर्यंत लुईला काहीच दिसेनासे झाले.

दुसरा डोळा का गेला?

जुन्या लिखाणात असे सांगितलेले आढळते की पहिल्या डोळ्यातला जंतुसंसर्ग दुसऱ्या डोळ्यात पसरला. आज आम्ही डॉक्टर या हकिकतीकडे पाहतो तेव्हा बहुतेकांना वेगळेच निदान जास्त पटते. त्याचे नाव सिंपथेटिक ऑप्थॅल्मिया. नाव अवघड आहे, पण गोष्ट समजायला सोपी आहे.

तुमच्या शरीराची प्रतिकारशक्ती म्हणजे एक पहारेकरी समजा. शरीरातले बहुतेक अवयव त्याच्या ओळखीचे असतात. पण डोळ्याचा आतला भाग जन्मापासून बंद पेटीसारखा असतो आणि पहारेकऱ्याने तिथे फारसे डोकावलेले नसते. आरी, तार, काच, लोखंडाची कपची अशा वस्तूने डोळा आरपार फुटला, आणि विशेषतः आतला काळसर रंगद्रव्याचा थर जखमेतून बाहेर आला, तर हे आतले पदार्थ पहिल्यांदाच पहारेकऱ्याच्या नजरेस पडतात. तो त्यांना परके समजतो आणि त्यांच्यावर हल्ला चढवतो. आता नेमका तोच थर दुसऱ्या, निरोगी डोळ्यातही असतो. मग हल्ला तिथेही होतो.

हा आजार दुर्मीळ आहे, त्यामुळे डोळ्याला मार लागलेल्या प्रत्येकाने धसका घेऊ नये. पण ज्यांना होतो त्यांच्यात तो बहुधा इजेनंतर काही आठवड्यांपासून काही महिन्यांत दिसू लागतो, बहुतेकांना वर्षभराच्या आत. क्वचित काही रुग्णांत कित्येक वर्षांनीही होतो. स्कॉटलंडमधले डॉक्टर विल्यम मॅकेंझी यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले ते १८४० च्या सुमारास, म्हणजे लुईचे डोळे गेल्यानंतर पंचवीसेक वर्षांनी. कूव्रेच्या त्या घरात दुसरा डोळा लाल झाला तेव्हा जगातल्या कुठल्याही डॉक्टरला त्यावर इलाज माहीत नव्हता. खरा उपयोगी इलाज, म्हणजे स्टिरॉइड औषधे, विसाव्या शतकाच्या मध्यावर मिळू लागली.

आज परिस्थिती वेगळी आहे आणि म्हणूनच हे तुम्हाला सांगतो आहे. तुमच्या घरात कुणाचा एक डोळा फुटलेला असेल, त्यावर शस्त्रक्रिया झालेली असेल, तर चांगल्या डोळ्याकडे लक्ष ठेवा. चांगल्या डोळ्याला उजेड सहन होईनासा होणे, तो लाल होणे, जवळचे वाचताना अचानक त्रास होणे, नजरेसमोर काळे ठिपके तरंगणे, धूसर दिसणे. यातले काहीही झाले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि पूर्वी दुसऱ्या डोळ्याला इजा झाली होती हे सांगायला विसरू नका. रुग्ण नेमके हेच सांगत नाहीत, कारण त्यांना दोन्ही गोष्टींचा संबंध वाटत नाही. वेळेत औषधे सुरू झाली तर अनेकांची दृष्टी वाचते. औषधे मात्र बरेच महिने, कधीकधी वर्षे घ्यावी लागतात. मध्येच आपल्या मनाने बंद करू नका.

फुटलेल्या डोळ्याला दृष्टी येण्याची काहीच आशा नसेल तर तो काढून टाकण्याचा सल्ला डॉक्टर कधीकधी देतात. घरच्यांना हे ऐकवत नाही. दिसत नसला तरी डोळा आहे ना, असे वाटणे साहजिक आहे. या सल्ल्यामागे जी कारणे असतात त्यात चांगला डोळा वाचवणे हेही एक असते. आज प्रत्येक फुटलेला डोळा काढत नाहीत, बहुतेक वेळा आधी टाके घालून तो वाचवण्याचाच प्रयत्न होतो. पण सल्ला मिळालाच तर रागावून दवाखाना बदलण्याआधी कारण विचारून घ्या.

तुमच्या घरी असे घडले तर

लुईला जी इजा झाली तशी इजा आजही होते. आरी नसेल तर पेचकस असतो, सायकलची तार असते, मुलांच्या हातात कंपास नाहीतर पेन्सिल असते, आणि आपल्याकडची विटी तर आहेच. मोठ्या माणसांत सर्वांत जास्त फसवी इजा छिन्नी-हातोड्याची. लोखंडावर लोखंड आपटले की केसाएवढी बारीक कपची उडते आणि एवढ्या वेगाने डोळ्यात शिरते की जखम दिसतही नाही. माणूस म्हणतो, काहीतरी गेल्यासारखे वाटले, मग बरे वाटले. दुखणे थांबलेले असते, पण लोखंड आत असते. महिन्या-दोन महिन्यांनी दृष्टी कमी होऊ लागते, तोपर्यंत आतल्या गंजाने नुकसान केलेले असते. म्हणून हातोड्याचे काम करताना डोळ्यात काही उडाले असेल तर दुखत नसले तरी तपासणी करून घ्या, आणि काम काय करत होता ते डॉक्टरांना सांगा. ते एक्स-रे किंवा सीटी स्कॅन सांगतील. एमआरआय मात्र अशा वेळी चालत नाही, कारण त्यातल्या चुंबकाने आतले लोखंड हलते.

डोळ्यात टोकदार वस्तू घुसली असेल किंवा डोळा फुटल्याची शंका असेल तर डोळा धुऊ नका, चोळू नका, दाबू नका. घुसलेली वस्तू ओढून काढू नका. कोणतेही थेंब किंवा मलम घालू नका. चहाचा कागदी कप मिळाला तर तो डोळ्यावर अलगद पालथा ठेवा, असा की त्याची कड कपाळाच्या आणि गालाच्या हाडावर टेकेल, डोळ्यावर नाही, आणि वरून चिकटपट्टी लावा. कापसाची जाड पट्टी करकचून बांधण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित. मुलाला काही खायला-प्यायला देऊ नका, कारण भूल देऊन टाके घालावे लागू शकतात आणि त्यासाठी पोट रिकामे लागते. मग थेट जिथे डोळ्यांची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात जा. वाटेत आधी याला दाखवू, मग त्याला दाखवू, असे करण्यात जो वेळ जातो तोच नंतर नडतो. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले आहे का, तेही विचारून घ्या.

रसायन गेले असेल तर मात्र नियम बरोबर उलटा. चुना, ॲसिड, कॉस्टिक, बॅटरीचे पाणी, सिमेंट यांपैकी काहीही डोळ्यात गेले तर आधी धुवा, मग दवाखान्यात जा. नळाच्या किंवा पिण्याच्या स्वच्छ पाण्याने, पापण्या बोटांनी उघड्या धरून, निदान १५ ते २० मिनिटे. चुना आणि सिमेंट यांचे कण पापणीच्या आत चिकटून बसतात आणि जाळत राहतात, म्हणून पापणी उलटून कण काढावे लागतात. तंबाखूसोबत मिळणारी चुन्याची ट्यूब मुलांच्या हाती लागली की मुले ती दाबतात आणि ती तोंडावर फुटते. घरात तंबाखू खाणारे कुणी असेल तर ती ट्यूब औषधांसारखीच उंचावर ठेवा. तंबाखू सोडलीत तर उत्तमच, पण तो आजचा विषय नाही.

मध, तूप, एरंडेल, अंगावरचे दूध, जिभेने कण काढणे हे प्रकार अजूनही होतात. कृपा करून करू नका. शेतात भाताचे तूस किंवा उसाचे पान लागून डोळा लाल झाला तर औषधाच्या दुकानातून स्वतःच थेंब आणून घालू नका. झाडापानाच्या जखमेत बुरशी वाढते आणि स्टिरॉइडच्या थेंबांनी ती आणखी माजते. वर सांगितलेले स्टिरॉइड वेगळ्या आजारासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली असते. औषध तेच, पण एका जागी डोळा वाचवते, दुसऱ्या जागी घालवते.

काठी, खिळे आणि शाळा

आता पुन्हा लुईकडे वळू. डोळे गेल्यावर या घराने जे केले ते मला फार मोलाचे वाटते. त्या काळी अंध मूल म्हणजे पुढे भीक मागणे, असेच समीकरण होते. सिमों-रने यांनी मुलासाठी काठ्या तयार केल्या आणि मूल गावात एकटे फिरायला शिकले. त्याला कारखान्याबाहेर ठेवले नाही, तर चामड्याच्या पट्ट्या, झालरी असे जमेल ते काम शिकवले. लाकडी फळीवर खिळे ठोकून अक्षरांचे आकार करून दिले, ते बोटांनी चाचपून लुई अक्षरे ओळखू लागला. गावचे धर्मगुरू पालुई यांनी त्याला शिकवायला घेतले आणि त्यांच्याच शब्दावरून गुरुजी बेशरे यांनी त्याला डोळस मुलांच्या वर्गात बसू दिले. फक्त ऐकून तो वर्गात पुढे राहू लागला.

१५ फेब्रुवारी १८१९ रोजी, दहा वर्षांचा असताना, लुई पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत दाखल झाला. व्हॅलेंटिन हाउई यांनी सुरू केलेली ही शाळा. इमारत जुनी, ओलसर, कोंदट. मुलांना संगीत आणि हातकामे शिकवत. वाचायला हाउईंनी तयार करवून घेतलेली पुस्तके होती, ज्यात नेहमीची अक्षरे जाड कागदावर उठावाने छापलेली असत. पुस्तके अवजड, मोजकी, आणि वाचन अतिशय सावकाश. प्रत्येक अक्षराची वळणे बोटाने चाचपत जायचे, तोवर वाक्याची सुरुवात विसरायला होई. सर्वांत मोठी अडचण म्हणजे वाचता येई, पण लिहिता येत नसे.

१८२१ साली शार्ल बार्बिये नावाच्या माजी लष्करी अधिकाऱ्याची एक पद्धत शाळेत आली. तिच्यात अक्षरांऐवजी उठावाचे टिंब होते, जास्तीत जास्त बारा, सहा-सहाच्या दोन उभ्या ओळींत. टिंब बोटाला रेषेपेक्षा चटकन कळतो, हे लुईच्या लगेच लक्षात आले. पण बारा टिंब एका बोटाखाली मावत नाहीत, बोट वरखाली फिरवावे लागते. शिवाय ती पद्धत उच्चारावर चालणारी होती, त्यात शुद्धलेखन नव्हते आणि विरामचिन्हेही नव्हती. लुईने ते टिंब निम्मे केले. तीनच्या दोन ओळी, एकूण सहा. एवढे टिंब बोटाच्या पेरात एका स्पर्शात बसतात आणि त्यांच्यातून ६३ वेगवेगळ्या खुणा तयार होतात. अक्षरे, अंक, विरामचिन्हे, संगीताची चिन्हे सगळी त्यात आली. पद्धतीचा गाभा तयार झाला तो १८२४ च्या सुमारास, तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. १८२९ मध्ये ती पुस्तकरूपाने आली आणि १८३७ मध्ये सुधारून पुन्हा.

ही लिपी हाताने लिहायला पाटी आणि एक टोकणी लागते. छोटी मूठ आणि पुढे बोथट टोक, वडिलांच्या बाकावरच्या आरीची जणू धाकटी बहीण. कागदाच्या मागच्या बाजूने उजवीकडून डावीकडे टोचत जायचे, मग कागद उलटला की टिंब वर येतात आणि डावीकडून उजवीकडे वाचता येतात. अंध शाळेतली मुले हे ज्या वेगाने करतात ते तुम्ही एकदा जरूर पाहा.

त्याच १८१२ सालातली एक गोष्ट इथे सांगण्याचा मोह होतो. तिकडे इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्ही हे मोठे रसायनशास्त्रज्ञ एका स्फोटक द्रव्यावर काम करत होते. स्फोट झाला आणि काचेचे तुकडे त्यांच्या डोळ्याला लागले. त्याच द्रव्याने वर्षभर आधी फ्रान्सच्या प्येर द्युलाँ यांचा एक डोळा आणि बोटे गेली होती. डेव्ही यांचा डोळा वाचला. तो बरा होईपर्यंत लिहून घ्यायला त्यांना मदतनीस हवा होता, आणि ते काम मिळालेला तरुण म्हणजे मायकल फॅरेडे. म्हणजे डोळ्यासमोर साधी काचही न धरता काम करण्याची सवय राजमान्य शास्त्रज्ञाला होती, तशीच खेड्यातल्या कारागिराच्या मुलालाही.

शिक्षक, वादक आणि रुग्ण

ब्रेल त्याच शाळेत आधी साहाय्यक आणि १८३३ पासून पूर्ण शिक्षक झाले. ऑर्गन ते उत्तम वाजवत आणि पॅरिसमधल्या चर्चमध्ये वादक म्हणून काम करत. वडील १८३१ मध्ये गेले. जाण्याआधी त्यांनी शाळेचे प्रमुख पिन्ये यांना आपल्या मुलाकडे लक्ष द्यावे अशी विनंती कळवली होती. मुलगा तेव्हा बावीस वर्षांचा, स्वतःच्या पायावर उभा होता. तरीही बापाच्या मनातून ती काळजी गेलेली नव्हती.

१८३५ च्या सुमारास ब्रेल यांच्यात क्षयाची लक्षणे दिसू लागली. थकवा, खोकला, पुढे खोकल्यातून रक्त. ओलसर, गर्दीच्या इमारतीत क्षय पसरणे स्वाभाविक होते. मधूनमधून ते विश्रांतीसाठी कूव्रेला जात, बरे वाटले की परत येत. क्षयावर औषध मिळायला अजून शंभरेक वर्षे होती.

लिपीचे काय झाले? विद्यार्थ्यांना ती आवडली, पण मोठ्यांना नाही. डोळस शिक्षकांचे म्हणणे असे की अंधांची लिपी वेगळी असली तर ते समाजापासून तुटतील. १८४० मध्ये पिन्ये यांना जावे लागले आणि त्यांच्या जागी आलेल्या द्यूफो यांनी ब्रेलचा वापर बंद पाडला. मुले मात्र आपसात चोरून वापरत राहिली. मला यात नवल वाटत नाही. आपल्या हाताने पहिल्यांदाच पत्र लिहिता येऊ लागलेले मूल ते सोडेल कशाला? शेवटी उपप्रमुख ग्वादे यांनी द्यूफो यांचे मन वळवले. १८४४ साली शाळेच्या नव्या इमारतीच्या समारंभात सगळ्यांसमोर या लिपीचे प्रात्यक्षिक झाले आणि तिला शाळेत पुन्हा स्थान मिळाले. दरम्यान ब्रेल यांनी डोळसांनाही वाचता येईल अशी टिंबांची एक अक्षरपद्धत काढली, आणि प्येर फुको या अंध मित्राने तिच्यासाठी यंत्रही बनवले.

डिसेंबर १८५१ मध्ये ब्रेल यांना मोठा रक्तस्राव झाला. ६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळिसावा वाढदिवस होऊन दोन दिवसांनी, ते गेले. फ्रान्समध्ये त्यांची लिपी अधिकृतपणे स्वीकारली गेली ती १८५४ मध्ये.

आपल्यापर्यंत

भारतात वेगवेगळ्या भाषांसाठी वेगवेगळ्या ब्रेल पद्धती होत्या. १९५१ मध्ये त्या सगळ्यांसाठी मिळून भारती ब्रेल ठरली. मराठी ब्रेल तिचाच भाग. तिच्यात मराठी क आणि इंग्रजी के यांचे टिंब एकच आहेत, तसेच ब आणि बी यांचे, म आणि एम यांचे. म्हणून एक भाषा शिकलेले मूल दुसरी चटकन शिकते. तुमच्या घरात कुणाची दृष्टी गेली असेल आणि डॉक्टरांनी आता परत येणार नाही असे सांगितले असेल, तर दुसरे-तिसरे मत जरूर घ्या, पण त्यातच वर्षे घालवू नका. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढा, अंधांच्या संस्थेत जाऊन काठी घेऊन चालणे, ब्रेल आणि मोबाईलवरचे स्क्रीन वाचणारे ॲप शिकायला लावा. सिमों-रने यांनीही मुलाला काठी करून दिली होती.

आता राहिले डोळे वाचवण्याचे. १९४८ च्या आपल्या कारखाने अधिनियमात डोळ्यांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कलमच होते, ३५ वे. कण उडणारे किंवा डोळे दिपवणारे काम असेल तिथे मालकाने पडदे किंवा योग्य चष्मे द्यावेत, असे ते कलम सांगत असे. पण असे कायदे मोठ्या कारखान्यांना लागू होतात. पडवीतले गॅरेज, घरातली शिलाई, गल्लीतले ग्रिलचे वेल्डिंग त्यांच्या बाहेर राहते, जसे सिमों-रने यांचे दुकान राहिले असते. तिथे नियम घरच्यांनीच करायचा.

नंबरचा साधा चष्मा संरक्षणाला पुरत नाही, बाजूने कण येतात आणि काच फुटली तर तीच डोळ्यात जाते. पॉलिकार्बोनेटचा, कडांना बाजूपट्टी असलेला चष्मा घ्या. नंबर असेल तर त्याच्यावर बसणारा मोठा गॉगल मिळतो. ग्राइंडरला चष्मा आणि वरून चेहऱ्याची ढाल. वेल्डिंगला योग्य क्रमांकाच्या गडद काचेचा मुखवटा, साधा काळा गॉगल नाही. रसायनाला चारी बाजूंनी बंद गॉगल. फवारणीलाही तोच. ज्यांना एकाच डोळ्याने दिसते त्यांनी पॉलिकार्बोनेटचा चष्मा काम असो वा नसो, दिवसभर वापरावा. चष्मा धुरकट होतो, घाम येतो, काम हळू होते, या तक्रारी खऱ्या आहेत. वाफ न धरणारी काच मागा आणि नाकावर घट्ट बसेल असा बघून घ्या. खोक्यात पडलेल्या उत्तम चष्म्यापेक्षा तोंडावर राहणारा साधा चष्मा बरा.

आणि मुले. काम घरात चालत असेल तर हत्यारांना कुलपाची पेटी हवी. लंच टाइममध्येही, दोन मिनिटांसाठी उठतानाही. मुलांना काम बघायचे असेल तर बघू द्या, पण त्यांच्या मापाचा चष्मा घालून आणि हाताच्या अंतराबाहेर बसवून.

ब्रेल यांचे मूळ घर कूव्रे येथे अजून आहे. तिथे त्यांचे संग्रहालय आहे. १९५२ मध्ये, मृत्यूला शंभर वर्षे झाल्यावर, त्यांचे अवशेष पॅरिसच्या पँथेऑनमध्ये सन्मानाने हलवले गेले. गावाने मात्र हात मागून घेतले. ते कूव्रेच्या दफनभूमीत, त्यांच्या मूळ जागीच ठेवले आहेत.